रिकामा सॉकेट

१

बाबांच्या गाडीत तीन बॅटऱ्या होत्या. एक इंजिन चालू करायची, बोनेटखाली. दुसरी जुन्या पद्धतीची, ॲसिडची. तिच्यावर मागचे दिवे, पंखा आणि मोबाईल चालायचे. तिसरी लिथियमची. ती पलंगाखाली लोखंडी खोक्यात होती आणि ती फक्त आईसाठी होती.

माझे बाबा, खुशाल बिसेन, गोंदिया डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. सगळा जन्म लोकांना इकडून तिकडे नेण्यात गेला, पण आईला शेजारी बसवून ते कुठे गेले नव्हते. रिटायर झाले तोवर आईची, रुख्माची, फुप्फुसं निकामी होत आली होती. दिवसभर नाकाला नळी, नळीच्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन आणि मशीन भिंतीतल्या सॉकेटला. आमच्या दवनीवाड्यात लाइन गेली की घरातलं प्रत्येक माणूस सिलिंडरकडे धावायचं. अशा बाईला फिरायला कसं न्यायचं?

बाबांनी जुनी सतरा सीटर घेतली. सीटा काढल्या, पलंग टाकला, छोटा ओटा बसवला, टपावर सोलरची पाटी लावली आणि गोंदियातल्या धर्मेंद्रकडून ही लिथियमची बॅटरी जोडून घेतली. धर्मेंद्र ई-रिक्षांच्या बॅटऱ्यांचं काम करायचा. या बॅटरीला त्याने एकच सॉकेट ठेवला, आईच्या उशाशी. त्यात मशीन लागायचं. सावकाश फिरत दोघांनी अमरकंटक पाहिलं, पचमढी पाहिली, पुरीचा समुद्र पाहिला. समुद्राकाठी गाडीचं मागचं दार उघडून आई पडल्या पडल्या लाटा पाहत होती, असा एक फोटो माझ्या मोबाईलमध्ये अजून आहे.

दिवाळीनंतर आई गेली. याच गाडीत, याच पलंगावर, घरामागच्या खळ्यात, भर दुपारी. मशीन चालू होतं. बॅटरी भरलेली होती. बाबा शेजारीच बसले होते. कुणाला दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं. आजार शेवटाला आला होता, इतकंच.

दिवस झाल्यावर मी स्वतः ते मशीन गोंदियाच्या एका दवाखान्यात देऊन आले आणि नागपूरला परतले. मी तिथे एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. जानेवारीत नंदाबाई काकीचा फोन आला. आमचं आणि काकीचं घर एकाच अंगणात आहे. ती म्हणाली, तुझे बाबा घरात झोपत नाहीत, गाडीतच राहतात, आणि रोज सकाळी गाडी काढून कुठेतरी जातात, अंधार पडायच्या आत येतात. कुठे जातात ते सांगत नाहीत. वाळून चालले आहेत.

मी रजा टाकून आले.

२

ते दिवस ढगाळ होते. धान निघून गेलं होतं, बांध्या रिकाम्या पडल्या होत्या आणि त्यांच्यावर सकाळी जे धुकं बसायचं ते दुपार झाली तरी पुरतं उठायचं नाही. सूर्य असा दिसायचाच नाही. खळ्यात धानाच्या तणसाचा ढीग आणि त्याला लागून गाडी.

मी गेले तेव्हा बाबा शिडीवर चढून सोलरच्या पाटीवरचं दव फडक्याने पुसत होते. मला पाहून खाली उतरले, बरं आहे का विचारलं, आणि लगेच दारातून वाकून मीटर पाहिला. दाराच्या बाजूला हा पंज्याएवढा काळा मीटर होता. वर बॅटरी किती टक्के भरली आहे ते दिसायचं, खाली करंट. आत येत असला तर साधा आकडा, बाहेर जात असला तर आकड्याच्या आधी वजाची खूण.

मग त्यांनी इंजिन चालू केलं. गाडी जागेवर घुरघुरत राहिली आणि बाबा मीटरसमोर उभे राहिले, दूध उतू जायची वाट पाहावी तसे.

मी विचारलं, हे काय चाललंय.

"बॅटरी भरून राहिलो," ते म्हणाले. "ऊन नाई ना. डायनामोवर भरा लागते. पर उभ्या गाडीत नाई भरत पुरी. चालवा लागते."

मला वाटलं, इतकंच असेल. माणसाला सवय लागते. वर्षानुवर्षं सकाळी उठून आधी बॅटरी पाहायची, कारण तिच्यावर बायकोचा श्वास आहे. ती गेल्यावर हात काय करणार? मी काकीलाही तसंच सांगितलं. काकी तांदूळ निवडत होती. ती निवडतच राहिली.

दुपारी बाबा फिरून आले आणि पलंगाच्या कडेला बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. मी चहा घेऊन गेले होते. सहज मीटरकडे लक्ष गेलं. बॅटरी ऐंशीच्या खाली होती. आणि खाली, करंटच्या जागी, वजाची खूण.

मी उशाशी पाहिलं. सॉकेट रिकामा होता. त्याच्या तीन भोकांत धूळ होती.

बॅटरीला जोडलेला इन्व्हर्टर स्वतः थोडा करंट खातो, हे मला माहीत होतं. मी इन्व्हर्टरचं बटण बंद केलं. खूण तशीच राहिली. आकडाही तोच. आणि तो आकडा मला ओळखीचा होता. आईचं मशीन चालू असताना मी गाडीत शेकडो वेळा तो पाहिला होता. आईची तब्येत विचारायच्या आधी मी तो पाहायची, कारण तो असला म्हणजे मशीन नीट चाललंय. तोच आकडा. थोडा वर, थोडा खाली. थोडा वर, थोडा खाली.

बराच वेळ पाहत राहिल्यावर कळलं की तो कशाच्या लयीत हलतोय.

३

मीटर बिघडला असणार. मी बाबांना म्हटलं, आपण धर्मेंद्रला दाखवू. ते लगेच तयार झाले, हे मला तेव्हा चांगलं लक्षण वाटलं.

गोंदियाला राइस मिलच्या मागच्या गल्लीत धर्मेंद्रचं दुकान. त्याने खोकं उघडलं, वायरीला चिमट्याचा मीटर लावला, कपाळाला आठ्या घातल्या, दुसरा मीटर आणून लावला. गाडीचा मीटर म्हणत होता करंट जातोय. वायर म्हणत होती काहीच जात नाही. त्याने गाडीचा मीटर बदलून नवा लावला. नव्यातही वजाची खूण आली.

मग त्याने बॅटरीची जाड वायर सोडवली, म्हणजे बॅटरी सगळ्यापासून सुटी झाली. बाबा पलंगावर हात ठेवून उभे होते. गारठा होता, तरी त्यांच्या कानामागून घाम उतरताना मला दिसला. ते दोनदा म्हणाले, लवकर जोड. धर्मेंद्र म्हणाला, काकाजी, थोडी देर तरी सुटी राहू द्या ना. आम्ही समोरच्या टपरीवर चहा प्यायलो. बाबा आले नाहीत, गाडीतच थांबले.

परत येऊन त्याने सुट्या बॅटरीचा चार्ज मोजला. कमी झाला होता.

बॅटरी परत जोडून झाली आणि बाबा पुढे जाऊन स्टिअरिंगवर बसले तेव्हा तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "दीदी, बॅटरी तो एकदम सही है. माल निकल रहा है, पर वायर से नहीं निकल रहा."

मग तो स्वतःच हसला आणि म्हणाला, सेल आतून गळत असेल, कधी कधी होतं, ठेवून जा, मी खोलून पाहतो, नाहीतर दुसरी टाकून देतो. मी बाबांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गिअर टाकला. गाडी निघाली तेव्हा धर्मेंद्रचा हात अजून उघड्या दारावर होता.

सेल गळतोय. मी हे वाक्य घट्ट धरलं. लॅबमध्ये एखादा रिपोर्ट विचित्र आला की आम्ही आधी मशीन तपासतो, मग नमुना, मग आपला हात. पेशंटला काहीतरी अघटित झालंय असं कुणी आधी म्हणत नाही.

४

दुसऱ्या दिवशी मीही सोबत गेले. बाबा रोज देवरीला जाऊन येत होते. गोंदिया, आमगाव, मग जंगलातला रस्ता, देवरी, परत. तिथे काही काम नव्हतं. इतकं चाललं की बॅटरी भरायची, म्हणून तिथवर.

बाबांची गाडी चालवायची पद्धत मला पाठ होती. एसटी ते मस्त दामटायचे. पण आईला घेऊन जाताना वेगळे व्हायचे. ब्रेक लागलेला कळायचा नाही, खड्डा आधीच ओळखून गाडी त्यात अलगद उतरवायचे. त्या दिवशी ते तसंच चालवत होते. आणि वरच्या आरशात पाहत होते. तो आरसा मागच्या रस्त्यावर नव्हता, पलंगावर लावलेला होता.

मी मागे वळून पाहिलं. पलंगावर आईची गोधडी, उशी. उशीत खोलगट जागा होती. बाबाच झोपतात ना इथे, मी मनाशी म्हटलं. मग आठवलं, बाबांचं अंथरूण खाली गुंडाळून ठेवलेलं मी सकाळीच पाहिलं होतं. ते जमिनीवर झोपत होते.

आमगाव मागे पडल्यावर मी बोलले. म्हटलं, बाबा, त्या बॅटरीवर आता काही नाही. ती उतरली तर उतरू द्या. बंद करून ठेवा. तुमची हाडं दिसायला लागली आहेत.

दोन्ही बाजूंना साग उभा होता, पानं झडायला लागलेली, आणि खोडांमधलं धुकं रस्त्यावर यायचं नि परत आत जायचं.

"एक डाव बंद केल्तं," ते म्हणाले. "मेन स्विच. म्हटलं, खुशाल, पागल होऊन राहिला तू."

त्यांनी गाडी एका खड्ड्यात अलगद उतरवली.

"तुले मालूम हाय, श्वास नाई भेटला की ती कशी पाहे."

मला माहीत होतं. तोंड उघडं, डोळे समोरच्यावर. रागाने नाही. विचारल्यासारखे.

"एकदा पाह्यलं," बाबा म्हणाले. "आता नाई पाहू सकत."

मी विचारलं, तुम्हाला दिसलं का काही? त्यांनी आरशात पाहिलं. मीटरवर इंजिनाचा करंट आत येत होता. बॅटरी हळूहळू भरत होती आणि त्यांच्या खांद्यांतला ताण तेवढा सैल होत होता.

मी स्वतःला सांगितलं: एकट्या माणसाला होतं असं. घरी गेल्यावर गोंदियाच्या डॉक्टरला दाखवू. चांगली गोळी असते. पण त्या दिवशी देवरीपर्यंत मी पुन्हा मागे पाहिलं नाही, हेही खरं.

५

ढग हटलेच नाहीत. टपावरची पाटी नावापुरती उरली होती. रोजच्या फेरीत बॅटरी जेवढी भरायची त्याहून अधिक आता उतरत होती, आणि मला ते मान्य करावं लागलं, कारण आकडा माझ्या डोळ्यांदेखत होता. ओढ वाढली होती.

ज्या दिवशी पट्टा तुटला त्या दिवशी आम्ही निघालो तेव्हाच बॅटरी तळाला आली होती. देवरीच्या अलीकडे, जंगलात, बोनेटखाली फटकन आवाज झाला. डायनामोचा पट्टा. तो तुटला म्हणजे चार्जिंग बंद, आणि पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर, म्हणजे इंजिन चालवताही येणार नाही. बाबांनी गाडी बाजूला घेतली. उतरून पट्टा पाहिला नाही. आधी मीटर पाहिला.

लिथियमची एक गोष्ट बाबांनी मला केव्हाच सांगितली होती. जुनी बॅटरी उतरताना कळते, दिवा पिवळा पडत जातो. ही मंद होत नाही. शेवटपर्यंत पुरी ताकद देते, आणि संपली की आतलं सर्किट सगळं एकदम तोडतं. मधलं काही नसतं.

रस्त्यापासून जरा आत एक घर होतं. दसरू नावाचा माणूस होता, वनमजुरी करायचा, अंगणात मोहाच्या झाडाखाली बांबूचे तट्टे विणत बसला होता. त्याच्याकडे लाइन होती. धान उडवायच्या पंख्यासाठी घेतलेलं वायरीचं भलं मोठं वेटोळं त्याने आणून दिलं आणि सॉकेट कुठे आहे ते दाखवलं. बाबांनी स्वतः वायर रस्त्यापर्यंत ओढली. पण लाइन गेलेली होती. येईल आता, दसरू म्हणाला, अशीच जाते-येते.

तेवढ्यात देवरीकडे जाणारी जीप आली. पट्टा आणायला कुणीतरी जायलाच हवं होतं, आणि कोणता पट्टा ते बाबांनाच माहीत. त्यांनी वायरीचं टोक माझ्या हातात दिलं.

"लाइन आली की लाव," ते म्हणाले. "तवर बोलत राहजो तिच्याशी."

ती अजून गाडीत आहे, असं ते उघड पहिल्यांदाच बोलले. मग जीप गेली आणि रस्ता रिकामा झाला.

मी गाडीत दाराजवळ बसले. बोलले नाही. कुणाशी बोलायचं? दुपारच होती, पण झाडांखाली उजेड राखेसारखा होता. दूरवर दसरूच्या बांबू ठोकण्याचा आवाज, बाकी शांत. मी मीटर पाहत होते. टक्के कमी होत होते. करंटचा आकडा मात्र चढत होता. वर, खाली, वर, खाली, आधीपेक्षा झरझर.

मग मला पलंगामागची काच दिसली. बाहेर धुकं, आत गारठा, सगळ्याच काचा थोड्या धुरकट होत्या. पण उशीच्या उंचीवर एक डाग दाट होता. हाताच्या तळव्याएवढा. तो मोठा व्हायचा, मग आकसायचा. परत मोठा व्हायचा. मी त्याच्याकडे पाहिलं, मग मीटरकडे, मग परत त्याच्याकडे. दोन्ही एकत्र चालले होते.

आवाज त्यानंतर आला, किंवा आधीपासून होता आणि मला तेव्हा ऐकू आला. श्वास आत ओढताना शेवटी जी बारीक शीळ यायची ती. आठ वर्षं, घरी आले की, मी ती शेजारच्या खोलीतून ऐकली होती. ती चुकूच शकत नव्हती.

तिकडे दसरूने हाक मारली: "लाइन आली, बाई."

मी उठले. खाली उतरले. गाडीच्या कुशीत चार्जिंगची जागा होती, झाकण उघडलं. वायरीचं टोक हातात होतं. आत शीळ चालू होती, आता घाईची, तुटक.

मी ते लावलं नाही.

त्या वेळी मी काय विचार केला ते सांगते. हे सगळं खोटं असेल तर विझलेला मीटर पाहून बाबांना कळेल की काही होत नाही. खरं असेल, तर आईचा त्रास एकदाचा संपेल. दोन्हीकडून बाबा सुटतात. मला ते इतकं सरळ वाटलं. मी टोक गवतावर ठेवलं, परत आत गेले, कारण तिला एकटीला ठेवणं बरं नव्हतं, आणि तिथे बसून राहिले. डोळे मीटरवर ठेवले. पलंगाकडे पाहिलं नाही. कुणीतरी माझ्याकडे पाहतंय हे मात्र न पाहता कळत होतं.

मीटर विझला. त्याच क्षणी शीळ थांबली.

काचेवरचा डाग होता तेवढाच राहिला, मग कडेपासून सुकत गेला. मी रडत होते, पण हलकं वाटत होतं. मग पलंगाची फळी करकरली. गोधडी सपाट झाली, उशीतला खोलगटपणा हळूच भरून आला, एखादं माणूस उठून बसल्यावर येतो तसा. आणि थोड्या वेळाने गाडी पायरीच्या बाजूला किंचित कलली, आणि परत सरळ झाली.

आमची गाडी अशी कधी कलायची ते मला माहीत होतं. कुणी खाली उतरलं की.

मी बाहेर पाहिलं. दसरू आपल्या अंगणात पाठमोरा होता. रस्त्यावर कुणी नव्हतं.

६

बाबा एका ट्रकमधून परत आले. तो त्यांना बऱ्याच अंतरावर वळणापाशी सोडून गेला. मी दारात उभी राहून त्यांना येताना पाहिलं. एका हातात पट्टा होता. ते सावकाश चालत होते, त्यांच्या नेहमीच्या चालीपेक्षा फार सावकाश. दुसरा हात कोपरात वाकवून अंगापासून जरासा दूर धरला होता. आई थोडी चालू शकायची तेव्हा तिला आधार द्यायला ते हात असा धरायचे.

जवळ आल्यावर मी म्हटलं, लाइन उशिरा आली, बॅटरी संपली. खोटं बोलले. ते आत डोकावले, विझलेला मीटर पाहिला.

"बरं," म्हणाले.

पट्टा बसवला, दसरूची वायर गुंडाळून त्याला दिली, राम राम केला. येताना गाडी त्यांनी एसटीसारखी दामटली. आरशात एकदाही पाहिलं नाही. इंजिनाच्या जोरावर बॅटरी परत जागी झाली, मीटर उजळला, करंट आत येऊ लागला. घरी पोचून इंजिन बंद केल्यावर मी खाली वाकून पाहिलं. खालच्या जागी शून्य. वजाची खूण नाही.

त्या रात्री बाबा घरात झोपले, माझ्या आईच्या खोलीत, खाटेवर. जेवले पोटभर. काकीने मला स्वयंपाकघरात धरून डोळे पुसले आणि म्हणाली, तू आली ते बरं केलं. मीही तेच म्हटलं स्वतःला. सकाळी उठून आधी मीटर पाहिला. शून्य. तिसऱ्या दिवशीही शून्य. बॅटरी भरलेली ती भरलेलीच. दरम्यान ढगही हटले होते आणि टपावरच्या पाटीवर स्वच्छ ऊन पडलं होतं.

७

मी रजा वाढवली, कारण बाबांचं उठणं कमी होत चाललं होतं.

आजारी नव्हते. हसत होते, जेवत होते, झोपत होते. पण झोपून उठलेलं माणूस जसं भरून येतं तसे ते येत नव्हते. सकाळी रात्रीपेक्षा कमी, दुपारी सकाळपेक्षा कमी. आधी विहिरीपर्यंत जायचे, मग अंगणापर्यंत, मग खाटेवरच उशीला टेकून. गोंदियाच्या डॉक्टरने छाती तपासली, ईसीजीची पट्टी काढली, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला. सगळं नॉर्मल. रक्ताचा नमुना मी स्वतः घेतला आणि स्वतः नागपूरला नेऊन चालवला. दोनदा चालवला. इतक्या चांगल्या रिपोर्टचं माणूस मी रोज पाहत नाही.

डॉक्टर म्हणाले, दुःखाने होतं असं. बाबांना दुःख नव्हतं. मी त्यांना असं निवांत कधीच पाहिलं नव्हतं. खाटेच्या एका कडेला सरकून झोपायचे. दुसरी कड मोकळी.

एक दिवस मी त्यांना म्हटलं, चला, गाडीतून फिरून येऊ, देवरीपर्यंत जाऊ. त्यांनी मान हलवली.

"आता कायले गाडी?" ते म्हणाले. "तिले आता वायर नाई लागत."

मी शेजारी बसून होते. ते बोलून थकले आणि डोळे मिटले. त्यांच्या छातीचा भाता सावकाश हलत होता. एक श्वास. मग मोठी उघडी जागा. त्या उघड्या जागेत, त्यांचे ओठ बंद असताना, एक श्वास आत ओढला गेला. त्याच्या शेवटी बारीक शीळ होती. मग परत बाबांचा, आधीच्यापेक्षा उथळ. मग मधला, आधीच्यापेक्षा खोल.

मी तिथून उठले आणि खळ्यात गेले.

तिसऱ्या प्रहरचं ऊन होतं. भिंतीतल्या सॉकेटमधून वायर ओढून मी गाडीला लावली. इंजिन चालू केलं. टपावर चढून पाटी पुसली. तिन्हीकडून करंट आत येत होता. बॅटरी शंभरला टेकली, तिला आणखी घेता येईना. मग इंजिन बंद केलं, सगळ्या वायरी सोडल्या आणि पलंग नीट केला. गोधडी झटकून पसरली. उशी फुगवून जागेवर ठेवली. रिकाम्या सॉकेटमधली धूळ पदराने पुसली. दार पुरतं उघडलं आणि पायरीच्या बाजूला उभी राहिले.

आपण काय करतोय हे मला कळत होतं. नमुना, मशीन, आपला हात, सगळं तपासून झालं होतं.

"आई," मी हाक मारली. "इकडे ये. भरलीय बघ पूर्ण. इथे झोप तू."

मीटरवर शून्य होतं.

"आई, बाबांना सोड. ते नाही पुरणार. इकडे ये, मी रोज भरीन. रोज नेईन देवरीला. मी बंद नाही करणार आता कधी."

गाडी हलली नाही. गोधडी तशीच होती, मी पसरली तशी. मी परत हाक मारली, मोठ्याने. काकी तिच्या दारात आली, माझ्याकडे पाहिलं आणि तिथेच थांबली, पुढे आली नाही.

घरातून, उघड्या खिडकीतून, बाबांचा आवाज आला. बारीक झाला होता, पण खुशीत होता, झोपेतून नुकतं जागं झालेल्या माणसासारखा.

"आचल," ते म्हणाले, "कोनाले बोलावून राहिली तिकडं? ती अथीच हाय, माह्यापाशी."